जंबुद्वीपात उत्तम

लेड झेपेलिनचे सर्वोत्तम गीत ‘स्टेअरवे टू हेवन’ हेच होय, असे जो मनुष्य चारचौघांत निःसंकोचपणे सांगू शकतो, त्याच्या निरागस धैर्याचा मला मनापासून हेवा वाटतो. कारण ते गीत मलाही विलक्षण प्रिय असून ही गोष्ट मी आजवर कोणाही पंचांपुढे कबूल केलेली नाही, आणि एकांतात ते ऐकतानासुद्धा खिडकी लावून घेण्याची खबरदारी घेत आलो आहे. रसिकतेच्या दरबारात, जे सर्वांना आवडते तेच आपल्यालाही आवडणे यासारखा कमीपणा नाही. ज्याला आपली अभिरुची इतरांपेक्षा वीतभर उंच असल्याचे सिद्ध करावयाचे असेल, त्याने तबकडीच्या मागल्या बाजूवरचे, रेडिओला ठाऊक नसलेले आणि खुद्द गायकाच्याही बहुधा विस्मरणात गेलेले असे एखादे गीत हुडकावे, त्याचे नाव किंचित डोळे मिटून उच्चारावे, आणि समोरच्याने ‘ते कोणते बुवा?’ असे विचारताच एक दीर्घ निःश्वास टाकून ‘असो’ म्हणावे. या एका ‘असो’च्या बळावर मी लोणावळ्याच्या आमच्या मंडळात कित्येक वर्षे मानाचे पान खात आलो आहे.

१९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, तेव्हा तिच्या एका डब्यात, कामशेत आणि देहूरोड यांच्या दरम्यान कोठेतरी, एका उसन्या कॅसेटवरून आम्हां चौघांत जो कज्जा उभा राहिला तो अद्याप निकालात निघालेला नाही. २५ सप्टेंबर १९८० रोजी बँडचा ड्रमवादक जॉन बॉनम वारला, आणि त्याच्यावाचून वाजवणे नाही असे ठरवून उरलेल्या तिघांनी बँड मोडला. १९६८ साली उभे राहिलेले ते सारे राज्य अवघ्या बारा वर्षांत आटोपले. त्यांचे आटोपले, आमचे नाही. तळेगावचे डॉक्टर, वडगावचे वकीलसाहेब आणि कामशेतचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले रावसाहेब, हे तिघे शनिवारच्या लोकलने वर येऊन तुंगार्लीच्या माझ्या ओसरीवर आजही तितक्याच अभिनिवेशाने आपापल्या कैफियती मांडतात, आणि भज्यांची दुसरी ताटली ठेवताना सौभाग्यवती विचारतात, “अहो, ते चौघे तरी आपसांत एवढे भांडले असतील का हो?”

मावळच्या माणसाला या इंग्रजी धांगडधिंग्याशी काय कर्तव्य, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर ठरलेले आहे. १७७९ च्या जानेवारीत कंपनी सरकारची फौज बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. तिच्यातला शूर कप्तान स्टुअर्ट कार्ल्यास पडला आणि पुढे वडगावला त्या फौजेने महादजी शिंद्यांपुढे शरणागती पत्करून तहावर सह्या केल्या. इतके होऊनही त्या शत्रूला आमच्या लोकांनी ‘इष्टुर फाकडा’ करून आपल्या घरात घेतले, आणि त्याची समाधी वडगावात जपली. परक्यातला फाकडा ओळखावा, त्याचे नाव आपल्या जिभेला सोसेल इतके मोडावे आणि मग तो आपलाच म्हणून मिरवावे, ही या मुलखाची जुनी वहिवाट आहे. तिला अनुसरून आमच्या ओसरीवर बँडचे गिटारवादक जिमी पेज यांना पेजबुवा आणि जॉन बॉनम यांना बॉनमराव असे म्हणतात, व त्यात कोणाला हसू येत नाही.

आता पक्षकारांकडे वळू. वकीलसाहेबांचा दावा उघडपणे ‘स्टेअरवे’चा. त्या गीताचे आरंभीचे सूर दुसऱ्या एका बँडच्या धुनेवरून उचलले, अशी फिर्याद अमेरिकेत दाखल झाली होती. लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने २०१६ साली ती अमान्य केली आणि २०२० साली अपिलातही तोच फैसला कायम झाला. वकीलसाहेबांच्या मते ज्याचा मालकी हक्क वरिष्ठ न्यायालयापर्यंत शाबीत झाला आहे असे गीत सोडून, ज्यांच्या सातबाऱ्याकडे कोणी पाहिलेले नाही अशा गीतांच्या पाठीमागे लागणे हा शुद्ध अडाणीपणा होय. गीत ऐकताना त्यांचे डोळे भरून येतात. ते सुरांनी की निकालपत्राच्या आठवणीने, हे मला अजून उमगलेले नाही.

डॉक्टर १९७५ च्या ‘काश्मीर’चे. त्यांची भूमिका शास्त्रीय आहे. या गीतात गिटारीची सुरावट तीन-तीन मात्रांनी चालते आणि ड्रम चार-चार मात्रांनी. त्यामुळे दोघे जणू एकमेकांना न विचारता चाललेले दोन वाटसरू असावेत तसे वाटते, आणि नेमके बाराव्या मात्रेनंतर दोघेही एकदम समेवर हजर होतात. डॉक्टर हे एका हाताने तीन आणि दुसऱ्या हाताने चार असे आरामखुर्चीच्या दांड्यांवर वाजवून दाखवतात, आणि सम आली की अशा समाधानाने आमच्याकडे पाहतात, की गीताची रचना त्यांनीच दवाखाना बंद झाल्यावर केली असावी. वकीलसाहेबांची यावर हरकत अशी, की बँडचा गायक रॉबर्ट प्लँट याने या गीताचे शब्द दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटातून मोटार हाकताना रचले. काश्मीरला त्याचे पाऊल लागलेले नव्हते. सबब ही साक्ष ऐकीव असून दप्तरी दाखल करून घेण्यास अपात्र आहे. “वकीलसाहेब,” डॉक्टर म्हणतात, “मेघदूत वाचताना तुम्ही यक्षाकडे ढगाच्या प्रवासभत्त्याची बिलं मागता का?”

रावसाहेबांचे गीत ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. मूळ गाणे १९२९ चे, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या जोडप्याचे. विषय १९२७ चा मिसिसिपीचा महापूर आणि फुटू पाहणारा बांध. ज्यांचा उभा जन्म मावळच्या धरणांच्या पातळ्या नोंदवण्यात गेला, त्यांना हे गीत आवडावे हे आम्ही खातेनिष्ठेचे लक्षण समजत होतो. हँपशरमधल्या एका जुन्या वाड्यात जिन्याच्या तळाशी ड्रम मांडून आणि वरच्या मजल्यावरून मायक्रोफोन खाली सोडून बॉनमरावांनी तो ठेका वाजवला, म्हणून तो विहिरीतून यावा तसा घुमतो, अशी तांत्रिक माहितीही ते नेहमी देत. परंतु एकदा आषाढात, पाऊस धरून कोसळत असताना, रावसाहेब ते गीत चालू असताना मध्येच म्हणाले, “एकसष्ट साली १२ जुलैला पानशेत फुटलं, तेव्हा आम्ही नारायण पेठेत होतो.” एवढेच. त्या दिवसापासून त्यांच्या गीताची थट्टा करताना आमची जीभ जरा अडखळते. थट्टा अर्थात चालू आहे.

येथे मला कार्ल्याकडे वळले पाहिजे. वळण मोठे आहे आणि विषयाला सोडून आहे, असे मंडळाचे एकमताने मत पडलेले असल्यामुळे मी ते दर शनिवारी घेतो. एकवीरेच्या दर्शनाची रांग ज्या लेण्यासमोरून सरकते, त्या चैत्यगृहाच्या ओसरीत डाव्या टोकाला एक लेख कोरलेला आहे. वैजयंती नगरीचा, म्हणजे कानडी मुलखातील बनवासीचा, भूतपाल नावाचा शेठ त्यात सांगतो, की हे शैलगृह मी पुरे केले असून ते साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे. ‘माझ्या मते’ नाही, ‘उत्तम गृहांपैकी एक’ नाही, आणि तुलनेसाठी इतर गृहांची यादी जोडलेली नाही. फैसला थेट दगडात. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी, स्वतःच पैसे दिलेल्या कामाला स्वतःच पहिला क्रमांक देणारा हा गृहस्थ म्हणजे आम्हां सर्वश्रेष्ठवाद्यांचा मूळ पुरुष होय. आणि खेदाची गोष्ट अशी, की त्याचे म्हणणे खरे आहे! लांबीला सुमारे ३८ मीटर आणि उंचीला सुमारे १४ मीटर असे ते चैत्यगृह आपल्या देशातील कोरीव चैत्यांत सर्वांत मोठे. त्याच्या कमानदार छताच्या लाकडी फासळ्यासुद्धा अजून जागच्या जागी आहेत. बढाईखोर मनुष्याचे म्हणणे खरे निघाले, की त्याच्याशी भांडण्याचे सुखही उरत नाही.

भूतपाल एकटा नाही. आतल्या खांबाखांबावर देणगीदारांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवनही आहेत. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर ‘सप्रेम भेट’ लिहून वारा थोडा अडवण्याची जी आपली रीत, तिचे मूळ अशा रीतीने सातवाहनकाळापर्यंत पोचते. पण माझा जीव जडला आहे तो एका दरवाजाजवळच्या लहानशा लेखावर. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने हे दार घडवले, एवढेच त्यात म्हटले आहे. उत्तम की मध्यम, याविषयी सामी काही बोलत नाही. बहुधा त्याला पुढचे काम होते.

आणि मळवली स्टेशनाच्या दुसऱ्या अंगाला, कार्ल्याहूनही जुन्या भाजे लेण्यांत, दक्षिणेकडच्या विहाराच्या ओसरीत एक बाई बसली आहे. तिच्यापुढे वाद्य आहे, दोन्ही हात त्यावर आहेत, आणि शेजारी दुसरी स्त्री नाचते आहे. १९६९ च्या ‘मोबी डिक’मध्ये बॉनमराव काड्या टाकून देऊन नुसत्या हातांनी ड्रम वाजवू लागतात, आणि तेवढ्या चमत्कारावर आम्ही चौघांनी अर्धे आयुष्य माना डोलावल्या, ही बाई इसवी सनापूर्वीपासून तेच करीत आहे, आणि मळवलीस उतरून चढ चढल्यावर तिच्यापुढे उभे राहून ‘वा!’ म्हणावे असे आम्हांपैकी कोणालाही लोकलच्या इतक्या वर्षांत सुचले नव्हते. तिच्याजवळ नाव कोरलेले नाही.

मूळ विषय सुटलेला नाही. लेड झेपेलिनचा १९७१ चा चौथा अल्बम असाच निनावी आहे: वेष्टनावर ना बँडचे नाव, ना अल्बमचे, फक्त पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला एक वाकलेला म्हातारा, जो राजमाचीच्या वाटेवर भेटला असता तरी नवल वाटले नसते. हा म्हातारा म्हणजे विल्टशायर परगण्यातला लॉट लाँग नावाचा छप्पर शाकारणारा कारागीर, असा छडा २०२३ साली एका इतिहाससंशोधकाने लावला. ही बातमी मी, जणू छडा मीच लावला अशा थाटात, मंडळाला वाचून दाखवली. सर्वांना आनंद झाला. पन्नासहून अधिक वर्षे आपल्या घरात टांगलेल्या माणसाचे नाव अखेर कळले, म्हणून डॉक्टरांनी जादा चहा मागवला.

तेव्हा रावसाहेब म्हणाले, “आणि मुंबईच्या त्या लोकांचं काय?”

हा बाण माझ्यावर होता. ज्या गीताच्या नावावर माझा ‘असो’ उभा आहे ते मुंबईचेच. १९७२ च्या ऑक्टोबरात जपानचा दौरा आटोपून परतताना पेज आणि प्लँट मुंबईस उतरले आणि तेथल्या तबला, सारंगी वगैरे वाजवणाऱ्या कलावंतांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गीते त्यांनी नव्याने ध्वनिमुद्रित केली; ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली २०१५ साली, दुसऱ्याचे नाव तेव्हा ‘फोर हँड्स’ ठेवून. तत्पूर्वी कितीतरी वर्षे ती चोरट्या फितीवर ऐकल्याचे मी सूचित करीत असे. सूचित हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. त्या ध्वनिमुद्रणात सारंगी कोणी धरली, तबल्यावर कोण होते, हे रावसाहेबांनी विचारले, आणि ओसरीवर एकालाही एक नाव सांगता येईना. बॉनमरावांचे मधले नाव हेन्री, हे आम्हांस ठाऊक. पेजबुवांची १९५९ ची लेस पॉल गिटार त्यांनी कोणाकडून घेतली, तेही ठाऊक. आणि आमच्याच घाटाखाली, आमच्याच वाद्यांवर, त्याच गीतांत वाजवणाऱ्या माणसांना आम्ही ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ या एका मोटेत बांधून इतकी वर्षे वाहत होतो. माझा नेहमीचा निःश्वास निघाला, पण त्याच्यापुढे ‘असो’ काही येईना.

मला त्या घटकेला जो राग आला तो गोऱ्यांचा नव्हता. आपल्याकडे मैफलीच्या पत्रिकेत गायकाचे नाव वितीएवढे असते आणि ‘साथीला’ या शब्दापुढचे नाव वाचायला चष्मा पुसावा लागतो. चैत्रात एकवीरेच्या पालखीपुढे बेंजो पार्टीची पोरे तळव्यांना फोड येईतो वाजवतात, आणि आम्ही बाजूला उभे राहून त्यांचा आवाज आमच्या अभिरुचीला कसा सोसत नाही याची चर्चा करतो. ‘उत्तम कोणते’ हे ठरवणाऱ्यांची नावे दगडावर राहतात. ज्यांच्या हातांनी ते उत्तम झाले त्यांच्यातला एखादा सामी सुतार निसटून पुढे येतो. बाकीच्यांना पुढची कामे असतात.

इतके गांभीर्य आमच्या मंडळाला पेलणारे नाही, म्हणून त्याच बैठकीत मी ठराव मांडला, की लेड झेपेलिनचे सर्वोत्तम गीत म्हणजे मुंबईचे १९७२ चे ध्वनिमुद्रण होय. आश्चर्य असे, की तो एकमताने संमत झाला. आणि मग ‘फ्रेंड्स’ की ‘फोर हँड्स’, यावर इतके तुंबळ माजले, की वकीलसाहेबांना ते कलम कोरेच सोडावे लागले. कागद सहीसाठी फिरू लागला तेव्हा, पुढच्या पिढ्यांच्या सोयीसाठी सूचक म्हणून माझे नाव अगदी वर, जरा ठळक अक्षरात घालावे, एवढीच माझी नम्र सूचना होती. रावसाहेबांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. “भूतपालशेठ,” ते म्हणाले, “आधी सुतारांची नावं सापडू द्या.”

ठराव तेवढ्यासाठी तहकूब आहे.