ख्रिस्ताने साडेदहाच्या आत परतावे

असिसीला मठात उतरण्यामागे आमची प्रेरणा निखळ आध्यात्मिक होती, असं आम्ही नातेवाइकांना सांगितलं. हॉटेलांचे दर सांगितले नाहीत.

बेनेडिक्टाइन सिस्टर्सनी दिलेली खोली लख्ख होती. भिंतीवर क्रूस, खाली दोन अरुंद पलंग आणि मध्ये जडशीळ टेबल. ते सरकवायचा विचारही क्रूसासमोर मनात येईना.

संत बेनेडिक्टनी सहाव्या शतकात मठांसाठी नियमावली लिहिली. तिच्या 53व्या प्रकरणात म्हटलंय, आलेल्या पाहुण्याचं स्वागत साक्षात ख्रिस्त आला असं समजून करावं. हे वाचून मी जरा ताठ बसलो. दारामागच्या कागदावर मात्र होतं : फाटक रात्री साडेदहाला बंद. इटलीत रात्रीच्या जेवणाची चूल साडेसातशिवाय पेटत नाही आणि वेटरला घाई ठाऊक नसते. मग तिरामिसू गिळून, सुबासिओ डोंगराच्या गुलाबी दगडातल्या घरांमधले चढ आम्ही धापा टाकत चढायचो. सिस्टर घड्याळाकडे न बघता नुसत्या हसायच्या. बघितलं असतं तर परवडलं असतं.

पहाटे घंटा झोपू देत नसे. मग बसगाड्या यायच्या आत आम्ही रिकाम्या गल्ल्यांतून संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकेपर्यंत जायचो. जन्मभर दारिद्र्य मिरवलेले फ्रान्सिस 1226 साली गेले. 1228 साली त्यांच्यासाठी हे भव्य बांधकाम सुरू झालं. भक्तांपुढे संतांचं काही चालत नाही.

बेनेडिक्ट मात्र सोसलेले यजमान असावेत. पाहुणे अवेळी येतात आणि मठात त्यांचा कधी तुटवडा नसतो, म्हणून त्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवा, असं ते लिहितात. मे महिन्यात दादरला घर असणाऱ्या कुणालाही हे सुचलं असतं. 40व्या प्रकरणात माणशी रोज पाव लिटरच्या आसपास वाइन आहे. जिथे तीही मिळत नाही तिथल्यांनी देवाचे आभार मानावेत, कुरकुर करू नये. न्याहारीला पाव, जॅम आणि कॉफी घेऊन आम्ही आभार मानले.

खरा आनंद 61व्या प्रकरणाने दिला. परगावच्या भिक्षूने नम्रपणे उणीव दाखवली, तर मठाधिपतीने विचार करावा. देवानेच त्याला त्यासाठी पाठवलं असेल! उशी, गरम पाणी, चहा – माझी यादी तयारच होती.

"अहो, पुढचंही वाचा," बायको म्हणाली.

पुढे लिहिलं होतं : फारच मागण्या करू लागला, तर त्याला सभ्यपणे निघून जायला सांगावं.