हौशी गडी

गुहागरकडच्या एखाद्या वाडीत उतरलेला पाहुणा झोपाळ्यावर लोळून चहावर चहा मागत असेल, तर घरमालक सुखी असतो. त्याला धास्ती असते ती सकाळी सहालाच गमबूट चढवून अंगणात उभं राहणाऱ्याची. "काका, आज काय करायचं?" असं हा विचारतो आणि काकांच्या पोटात गोळा येतो.

गृहस्थ बहुधा कोथरूडचा, नाहीतर ठाण्याचा. बाल्कनीत कढीपत्ता जगवलेला, जीवामृताचे व्हिडिओ तोंडपाठ. पोफळीला पाणी किती द्यावं हे तो काकांना समजावतो. काकांच्या आजोबांनी लावलेली पोफळ तेही निमूट ऐकून घेते. तण म्हणून तो उपटतो ती हळद निघते. पोफळीवर चढवलेली मिरवेल 'बांडगूळ' ठरवून ओढायला जातो, तेव्हा काकू खोबरं लागल्या हातानेच धावत येतात. हंगाम आंब्याचा असला तर विचारूच नका! झेल्याने हापूस देठासकट उतरवायचा असतो. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि फळ पेटीतून बाद. साहेबांनी उतरवलेले आंबे थेट घरच्या अढीत जातात.

पण काकाही मुरलेले. या जमातीसाठी त्यांनी एक काम राखून ठेवलेलं असतं. "साहेब, पातेरा तेवढा तुम्हीच काढा. आमच्या गड्याला नीट जमत नाही." गडी तोंडाला पंचा लावून विहिरीमागे पळतो. साहेब दुपारपर्यंत वाळकी पानं गोळा करतात, खराट्यासकट फोटो काढून घेतात. संध्याकाळी वारा सुटतो आणि पातेरा पुन्हा वाडीभर. उद्याच्या पाहुण्याची सोय झाली!

इंग्लंडात १९७१ साली स्यू कोपर्ड या लंडनमध्ये सेक्रेटरी असलेल्या बाईंनी शहरी माणसांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर राबायला न्यायची टूम काढली. 'वूफ' नावाने ती जगभर पसरली. तिथला व्यवहार सरळ: काम करा, जेवण आणि अंथरूण फुकट. आमचा माणूस खोलीचं भाडं देतो, मोदकांचे वेगळे देतो आणि वर घामही गाळतो. असा गडी कुणाला नको असेल? काकांना. कारण याच्यावर लक्ष ठेवायला आणखी एक गडी लावावा लागतो, आणि त्याची मजुरी रोख द्यावी लागते. खोलीच्या दरात ती काकांनी आधीच धरलेली असते.