अंगठेबहाद्दरांची शिकवणी

घरातल्या ज्येष्ठांना मेसेज पाठवायला शिकवण्याची आपली एक ठरलेली पद्धत आहे. फोन त्यांच्या हातातून काढून घ्यायचा, अंगठा चारदा भर्रकन फिरवायचा, "झालं, सोप्पंय!" म्हणायचं आणि फोन परत द्यायचा. पुन्हा विचारलं की चेहरा असा करायचा, जणू त्यांनी किडनीच मागितली.

आणि शिष्य कोण? शब्द मोजून तारेचे पैसे भरलेली पिढी. तेव्हा शुभेच्छांनाही क्रमांक असत. नुसता आकडा दिला की नवदांपत्याला आशीर्वाद पोचे. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण मोजणी काही सुटली नाही: साध्या एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० मावतात, देवनागरी मात्र ७०च, तीही काना-मात्रे वेगळे मोजून. त्यातली निम्मी आजोबा 'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद' यांवर खर्च करतात, हे कबूल. पण समोरून येतं काय? एक पिवळा अंगठा.

एक धडा मात्र आपण घोकून घेतो: ओटीपी कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचा नाही. मग दुपारी ऑफिसातून चिरंजीवांचाच फोन येतो, "बाबा, एक ओटीपी आला असेल बघा. सांगा बरं पटकन!"