साडूंची चांदी

आपल्याकडे चांदीबद्दल कुणी वाईट बोलत नाही. सोन्यावरून भांडणं होतात, वाटण्या होतात, दरोडे पडतात. चांदी बिचारी उष्टावणाच्या वाटीत खीर सांभाळते, पूजेला निरांजन होते आणि उरलेलं वर्ष जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली कपाटात काळी पडत बसते. इतक्या सालस धातूवर संशय कोण घेणार? त्यामुळे आमचे साडू हल्ली चांदी पितात असं कळलं, तेव्हा मला वाटलं, पगारवाढ झाली असेल.

साडू न्यू जर्सीत एडिसनला राहतात. त्यांना सर्दी ऑक्टोबरात धरते ती एप्रिलात सोडते. तिथला डॉक्टर 'पाणी प्या, आराम करा' एवढंच सांगतो आणि मग जे बिल पाठवतो ते वाचून ताप येतो. म्हणून साडूंनी तळघरात कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण तरंगणारं पाणी, बनवायचा कारखाना काढला.

आम्ही गेलो तेव्हा चहाच्या आधी कारखान्याचं दर्शन झालं. काचेची बरणी, तीत डिस्टिल्ड वॉटर, त्यात एकमेकींपासून अंतर राखून सोडलेल्या शुद्ध चांदीच्या दोन तारा, आणि ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकीला एक जोडून.

"नळाचं पाणी का नाही चालत?" मी विचारलं.

"त्यात क्लोराइड असतं. चांदीशी गाठ पडली की पांढरा गढूळपणा."

"आणि तार कशाला विकत आणायची? ताईंचे पैंजण असतील की."

ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, जिन्यातच थबकल्या. "दागिन्याच्या चांदीत तांबं असतं," साडू म्हणाले. पैंजण वाचल्याचा आनंद त्यांच्या आवाजात नव्हता. होतं ते तांब्याचं दुःख.

बराच वेळ काहीच घडत नाही. इतक्या शुद्ध पाण्यातून वीज जायलाच तयार नसते. मग एका तारेवर काळसर केसाळ लव धरू लागते. साडू ती टिश्यूनं हलकेच पुसतात आणि तार पुन्हा बुडवतात. हळूहळू पाण्यावर फिकट पिवळी झाक येते. मग दिवे मालवायचे आणि लेसर मारायचा. साध्या पाण्यातून किरण दिसत नाही, पण या पाण्यात आरपार लाल रेघ उमटते. "टिंडल इफेक्ट!" साडू अंधारात पुटपुटतात. त्यानंतर ते टीडीएसचं पेन, जे आपल्याकडे वॉटर प्युरिफायरवाला दारात येऊन बुडवतो आणि आपल्याला घाबरवतो. शेवटी वही. प्रवाह किती, वेळ किती, तापमान किती. एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर सोडला की तारेवरून सुमारे ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. हा फॅरडेचा हिशेब, त्यात खोट नाही.

"पण गुण येतो का?" मी विचारलं.

"म्हणजे काय! मागच्या सर्दीला घेतलं, आठवड्यात खडखडीत."

"आणि त्याआधीच्या?"

"तेव्हा पीपीएम कमी पडले."

साडू वाय-टू-केच्या लाटेत कोबोलच्या जोरावर अमेरिकेत गेले. प्रोग्राम चालला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नव्हे, हे ते नव्या पोरांना अजून शिकवतात. तळघरात उतरताना मात्र हे तत्त्व ते वरच्या मजल्यावर ठेवून येत असावेत. इथे वीज मोजतात, वेळ मोजतात, कण मोजतात. फक्त नाक कुणी मोजत नाही.

पण फुकटचं श्रेय चांदीला फार पूर्वीपासून मिळत आलंय. इराणचा सम्राट सायरस स्वारीवर निघाला की त्याचं पिण्याचं पाणी चांदीच्या भांड्यांतून, खेचरांच्या गाड्यांवर लादून न्यायचे, असं हिरोडोटसनं लिहिलंय. चांदीचे भक्त हा दाखला हमखास देतात. ते पाणी आधी उकळून घेत, हेही हिरोडोटसनंच लिहिलंय. पण सरपणाचं नाव कोण घेतो!

कुणी म्हणेल, चांदीत काहीच नाही का? आहे ना. लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ क्रेडे यांनी १८८१ साली नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायची पद्धत जाहीर केली आणि असंख्य पोरांचे डोळे वाचले. भाजलेल्या जखमेवर चांदीचं मलम आजही लावतात. फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट बार्न्सनं तर १९०२ साली आर्जिरॉल नावाचं चांदीचं जंतुनाशक काढलं, गडगंज झाला, १९२९ साली शेअर बाजार कोसळायच्या काही महिने आधी कंपनी विकून मोकळा झाला आणि आयुष्यभर चित्रं घेत राहिला. साडूंनीच आम्हाला त्या चित्रांचं संग्रहालय दाखवलं. एकट्या रेन्वाची १८१ चित्रं! औषधी चांदीचा खात्रीलायक लाभ झालेला इतका ठसठशीत इसम मी दुसरा पाहिला नाही. पण तोही ती विकत होता.

पुढे प्रतिजैविकं आली आणि पोटात घ्यायची चांदी मागे पडली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९९ साली नियमच केला की चिठ्ठीविना विकली जाणारी कोलॉइडल सिल्व्हरची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येणार नाहीत. नेमक्या त्याच वर्षी मोंटाना राज्यातले स्टॅन जोन्स हे गृहस्थ ती घरी बनवून पिऊ लागले. वाय-टू-केमुळे सगळं ठप्प होऊन प्रतिजैविकं मिळेनाशी होतील, ही त्यांची धास्ती. म्हणजे ज्या संकटानं साडूंना ग्रीन कार्ड दिलं, त्यानं जोन्सना निळा रंग दिला. चांदी कातडीत जाऊन बसते आणि जुन्या फोटोच्या फिल्मवरची चांदी उजेडात काळवंडते तशीच काळवंडते. याला आर्जिरिया म्हणतात. तो रंग जात नाही. २००२ साली जोन्स सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले ते निळसर करड्या चेहऱ्यानं. पडले.

हे मी साडूंना ऐकवलं. "प्रमाण चुकलं असेल त्यांचं," ते म्हणाले. निळा वर्ण विष्णूच्या अवतारांना शोभतो, त्यांना पासपोर्टसाठी फोटो काढावा लागत नाही, हेही सांगून पाहिलं. साडूंनी वही उघडली.

तेव्हा ताईंनी फ्रिजशेजारचं कालनिर्णय काढून आणलं. पुण्याहून दरवर्षी येणाऱ्या या कालनिर्णयावर त्या दुधाचा नव्हे, साडूंच्या सर्दीचा हिशेब लिहितात. मागच्या वर्षीचंही जपून ठेवलेलं होतं. चांदीपूर्व काळात सर्दी आठवडाभर टिकायची, चांदीयुगात ती सात दिवस टिकत होती.

"हा शास्त्रीय प्रयोग नाही," साडू म्हणाले. "दुसऱ्या गटाला साधं पाणी द्यावं लागतं."

"मी काय पिते मग?" ताई म्हणाल्या.

यावर साडूंकडे उत्तर नव्हतं, आणि त्याच शांततेत वरून ती 'टिक' पुन्हा ऐकू आली. आल्यापासून रात्री-बेरात्री ऐकू येणारा तो आवाज मी अमेरिकेतल्या एखाद्या रातकिड्याचा समजत होतो. तो होता छतावरच्या धुराच्या अलार्मांचा. त्यांच्या बॅटऱ्या संपत आल्या होत्या आणि बदलायला आणून ठेवलेल्या बरणीला जोडल्या होत्या.

ताईंनी चिमटे काढले, तिन्ही बॅटऱ्या पदरात घेतल्या आणि स्टूल ओढलं.

"अगं, वापरलेल्या आहेत त्या!"

"दोन-चार मिलिअँपिअरनं काय संपतात? तुमच्याच वहीत आहे."

पहिल्या अलार्ममध्ये बॅटरी बसवून त्यांनी टेस्टचं बटण दाबलं. घर असं दणाणलं की साडूंच्या हातातला लेसर खाली पडला.

"हं," ताई स्टुलावरून म्हणाल्या, "हा बघा, गुण आला."