वाय-फाय होतं, वापरायचं नव्हतं

2007 सालच्या जानेवारीत अ‍ॅपलने गिऱ्हाइकांना गोड बातमी दिली: तुम्ही घेतलेल्या कित्येक मॅकमध्ये नव्या, वेगवान वाय-फायची चिप आधीपासूनच आहे. ती जागी करायचे तेवढे 1.99 डॉलर पडतील. लोभ? छे, छे! अमेरिकेतले हिशेबाचे नियम. विकलेल्या यंत्रात मागाहून फुकट सोय घातली, तर विक्रीचं सगळं उत्पन्न लगेच वहीत धरता येत नव्हतं म्हणे. बिचाऱ्या कंपनीला नाइलाजाने पैसे घ्यावे लागले.

पुढच्या जानेवारीत हा नाइलाज वाढून 20 डॉलरवर गेला. आयपॉड टचवर मेल, नकाशे, हवामान वगैरे पाच अ‍ॅप्स हवी असतील, तर जुन्या गिऱ्हाइकाने मोजावेत. त्याच आठवड्यात नवा टच घेणाऱ्याला ती यंत्रासोबतच. आधी रांग लावणाऱ्याला निष्ठेचा दंड हवाच ना!

2009 मध्ये नियम सैलावले, पुढच्या वर्षी टचची सुधारणा फुकट झाली आणि 2013 मध्ये मॅकची नवी प्रणालीही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही पोट असतं. उघड किंमत लावली तर तक्रार नाही. पण हल्ली आवळा देऊन कोहळा काढतात. अपग्रेड फुकट, फक्त ते तुमच्या जुन्या यंत्रावर चालत नाही. आता 1.99 डॉलर कुणीच मागत नाही. सरळ नवा मॅक घ्या म्हणतात.