चालत्या माणसाचा चेहरा दाखवा

सीसीटीव्हीच्या दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती मेगापिक्सेल?" या प्रश्नावर दुकान चालतं, घर राखलं जात नाही. विचारायचं ते असं: माझ्या दारापासून गेट सात मीटरवर आहे. रात्री साडेअकराला, अंगणातला दिवा बंद असताना, त्या गेटातून अनोळखी माणूस चालत आला तर पोलिसांना दाखवण्याजोगा त्याचा चेहरा मिळेल का? यावर "साहेब, एकदम क्लिअर येतं" हे उत्तर नाही. दाखवा म्हणावं.

आणि हे मोजता येतं. पाळत-कॅमेऱ्यांसाठी आयईसी 62676-4 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. दृश्याच्या एक मीटर रुंदीला कॅमेरा किती पिक्सेल देतो, यावर ते बोलतं. 25 मिळाले तर कुणीतरी आहे एवढंच कळतं. 125 मिळाले तर ओळखीचा माणूस ओळखू येतो. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर 250 लागतात. म्हणजे सोळा सेंटिमीटर रुंदीच्या चेहऱ्यावर 40 पिक्सेल पडले पाहिजेत.

आता खोक्यावरचे आकडे घ्या. 2 मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र 1920 पिक्सेल रुंद असतं. घरोघरी सर्रास बसवली जाणारी 2.8 मिलिमीटरची लेन्स साधारण 100 अंशांचा पसारा दाखवते. गणित मांडलं की 250 पिक्सेलची अट तीन मीटरच्या जरा पुढे संपते. दहा मीटरवर त्याच चेहऱ्याच्या वाट्याला तेरा पिक्सेल येतात. शर्टाचा रंग कळेल, चाल कळेल, माणूस कळणार नाही. घाबरून 8 मेगापिक्सेलचा घेतला तर पिक्सेल चौपट झाले, पण रुंदीत ते दुप्पटच वाढतात. अंतर जातं सहा-साडेसहा मीटरवर. उलट त्याच 2 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला 6 मिलिमीटरची लेन्स असेल तर ओळख सात-साडेसात मीटरपर्यंत पटते. दृश्य अरुंद होतं हे खरं. पण गेट अरुंदच असतं! अख्ख्या अंगणासाठी एक रुंद कॅमेरा आणि गेटावर रोखलेला एक अरुंद कॅमेरा, ही जोडी चार रुंद कॅमेऱ्यांना भारी आहे. तरीही कॅमेरेवाला चारही कोपऱ्यांत 2.8 च ठोकतो, कारण मोबाइलवर सगळं अंगण दिसलं की गिऱ्हाईक खूश होतं.

हे सगळं झालं दिवसाचं. चोरी बहुधा रात्रीची असते.

अंधारात कॅमेरा आपलं शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, बऱ्याचदा सेकंदाचा पंचविसावा भाग. तेवढ्यात चालता माणूस पाच-सहा सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो आणि चेहऱ्याचा फराटा होतो. उभा माणूस मात्र स्वच्छ दिसतो. दुकानातल्या प्रात्यक्षिकात उभाच माणूस दाखवतात. म्हणून चाचणी घेताना घरातल्या कुणाला तरी टोपी घालून गेटातून भरभर चालत यायला सांगा, रेकॉर्डिंग थांबवून एक चौकट मोठी करा आणि कानापासून कानापर्यंत काय उरलंय ते पाहा. खोक्यावर छापलेलं "नाईट व्हिजन 30 मीटर" म्हणजे इन्फ्रारेड दिव्याचा उजेड तिथवर पोहोचतो, इतकंच. तिथला चेहरा दिसेल असं ते म्हणत नाही. गाडीची नंबरप्लेट तर त्या उजेडात पांढरीफटक पडते, कारण प्लेट उजेड सरळ कॅमेऱ्याकडे परत फेकते.

पावसाळ्याची परीक्षा वेगळीच. लेन्सजवळून जाणारा प्रत्येक थेंब इन्फ्रारेडमध्ये चकाकतो. कोळी लेन्ससमोर जाळं विणतो आणि वाऱ्यानं ते हललं की मोबाइलवर इशारे वाजत राहतात. तिसऱ्या रात्री वैतागून माणूस इशारेच बंद करतो. पत्र्याची कड किंवा भिंत अगदी जवळून चित्रात येत असेल तर कॅमेरा तिच्या उजेडाप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो आणि पलीकडचं अंगण काळंकुट्ट होतं. कोकणात जून ते सप्टेंबर कॅमेऱ्याचा उपयोग हवा असेल तर तो वळचणीखाली, पण वळचणीच्या कडेपासून हटवून बसवावा लागतो. पाण्याची नळी मारून बघा. अंदाज लगेच येतो.

अंधारावरचा सगळ्यात स्वस्त उपाय कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतच नाही. तो विजेच्या दुकानात मिळतो: नऊ वॅटचा एलईडी दिवा. रात्रभर, बारा तास जळला तरी महिन्याला सव्वातीन युनिट वीज जाते. गेटाशी उजेड असला की शटर झटपट मिटतं, रंग राहतात आणि चेहरा टिकतो. त्याहून जास्त खर्च करायची तयारी असेल तर माहितीपत्रकातले दोन आकडे वाचा. लेन्सचं तोंड एफ 1.0 असेल तर एफ 1.6 पेक्षा अडीचपट उजेड आत येतो. संवेदकाचा आकार 1/1.8 इंच असेल तर तो 1/2.8 पेक्षा मोठा, म्हणून अंधारात सरस. इवल्या संवेदकावर 8 मेगापिक्सेल कोंबलेला स्वस्त कॅमेरा दुपारी छान दिसतो आणि रात्री मुंग्या दाखवतो.

उंचीबद्दल कॅमेरेवाल्यांशी भांडावंच लागतं. "खाली लावला तर कुणी तोडेल" म्हणून ते पहिल्या मजल्याच्या स्लॅबला, चार मीटरवर लावतात. तिथून तीन मीटरवर उभ्या माणसाकडे कॅमेरा जवळजवळ चाळीस अंश खाली बघतो. मिळतो तो टोपीचा माथा. निदान गेटावरचा एक कॅमेरा दोन-सव्वादोन मीटरवर हवाच. तो कुणी तोडला तर तोडणाऱ्याचा चेहरा आधी टिपलेला असेल, अर्थात रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर नसून घरात आत ठेवलेल्या एनव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीत, असेल तर. शक्य तिथे वायफायचा मोह सोडा. एकाच लॅन केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेणारी पीओई पद्धत 100 मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. केबल मात्र शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल तिच्यासारखीच दिसते, लांब अंतरावर वीज पोहोचवताना मार खाते आणि स्वस्त कोटेशनमध्ये हटकून असते.

भिंतीत ड्रिल जाण्याआधी कॅमेरा एक रात्र तात्पुरता बांधून बघा. जो बसवणारा याला तयार नाही त्याला आगाऊ रक्कम देऊ नका. त्याच रात्री मेन स्विच पाडा. एनव्हीआर, पीओई स्विच आणि राऊटर हे तिन्ही इन्व्हर्टरवर आहेत का? लोडशेडिंगमध्ये कॅमेरा झोपत असेल तर गावाकडच्या घराला त्याचा उपयोग शून्य. वीज परत आल्यावर घड्याळ बघा. आतला बॅटरीचा सेल मेला असेल तर तारीख थेट जुन्या सालात गेलेली असते आणि त्या वेळेचं फुटेज कुणीच मानत नाही. मग मागच्या रात्रीची पाच मिनिटांची क्लिप स्वतःच्या हातानं पेनड्राइव्हवर काढा. चोरी झाल्यावर हे शिकायला वेळ नसतो. जुनं पुसून नवं लिहिणं चालूच राहतं. साधारण 2 एमबीपीएसनं एक कॅमेरा दिवसाला 21.6 जीबी खातो. चार कॅमेरे आणि 1 टीबीची डिस्क म्हणजे अकरा-साडेअकरा दिवस. पंधरा दिवसांच्या सुट्टीवरून परतलेल्या कुटुंबाला पहिल्या तीन रात्री मिळणारच नाहीत.

घड्याळाचा आग्रह उगाच नाही. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणापर्यंत गेला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावानं तो खटला ओळखला जातो. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यात स्पष्ट केलं की मूळ उपकरण न्यायालयापुढे नसेल आणि प्रत सादर करायची असेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवावं लागतं. म्हणून चोरीनंतर स्क्रीनचं मोबाइलवर चित्रीकरण करून ते सोसायटीच्या ग्रुपवर फिरवण्यात वेळ घालवू नका. मूळ फाइल काढा, डिस्क जपा.

आता कुलपाची गोष्ट. मला सगळ्यात जास्त चीड याची आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणी-खोलीचं चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. बायका डॉक्टरवर विश्वास ठेवून त्या खोलीत गेल्या होत्या. पोलिसांनी पकडलेल्यांमध्ये आपल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. तपासात समोर आलेला पासवर्ड होता "अॅडमिन123". कारखान्यातून यावा तसाच. कुणीही तो बदलला नव्हता. बदलायला किती वेळ लागला असता?

याची पूर्वसूचना जगाला नऊ वर्षं आधीच मिळाली होती. 2016 मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामनं अशाच साठेक तयार पासवर्डांची यादी घेऊन जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबर 2016 रोजी त्या फौजेनं संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांना तासन्‌तास उघडता येईना. घर राखायला आणलेली यंत्रं दुसऱ्याच्या हुकुमानं लढली आणि मालकाला पत्ता नव्हता.

मोठ्या नावाची कंपनी घेतली की निश्चिंत, असंही नाही. व्हेर्काडा कंपनीची सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांची दारं मार्च 2021 मध्ये एका सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड फुटल्यानं उघडी पडली. त्यात रुग्णालयं आणि तुरुंगही होते. कर्मचाऱ्यांना ग्राहकांची खासगी चित्रं पाहू दिल्याच्या आरोपावरून रिंग कंपनीनं मे 2023 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी 58 लाख डॉलरवर तडजोड केली. "चित्र घराबाहेर जात नाही" असं सांगणाऱ्या युफीच्या कॅमेऱ्यांतून छोटी चित्रं कंपनीच्या सर्व्हरवर जात असल्याचं 2022 मध्ये एका सुरक्षा-संशोधकानं दाखवून दिलं.

म्हणून एक चाचणी दुकानातच घ्या: राऊटरची बाहेर जाणारी वायर काढा. तिथल्या स्क्रीनवर चित्र दिसत राहिलं आणि रेकॉर्डिंग चालू राहिलं तर कॅमेरा तुमचा. बंद पडलं तर तो कंपनीचा आहे, तुम्ही फक्त भिंत पुरवताय. ऑनव्हिफ हे सामायिक मानक पाळणारा कॅमेरा घ्या, म्हणजे उद्या कंपनी बुडाली तरी दुसऱ्या एनव्हीआरला जोडता येईल. राऊटरमधलं यूपीएनपी, म्हणजे बाहेरची वाट आपोआप उघडणारी सोय, बंद करा. पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला थांबवा, तो तुमचं दार सगळ्या जगाकडे उघडतोय. कॅमेऱ्यांना वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, निदान राऊटरच्या गेस्ट नेटवर्कवर. आणि काम संपल्यावर बसवणाऱ्यासमोर मुख्य पासवर्ड बदला. तो रागावला तर रागावू दे. तुमच्या घराची किल्ली त्याच्या मोबाइलमध्ये का राहावी?

सरकारनं एक गोष्ट बरी केली आहे. 9 एप्रिल 2025 पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली. कॅमेऱ्यावरचा आर-नंबर बीआयएस केअर अॅपवर टाकून नोंदणी तपासता येते. खरेदीआधी ते जरूर करा. पण भिंतींवर आधीच टांगलेल्या कॅमेऱ्यांना हा नियम हात लावत नाही.

घराच्या आतला कॅमेरा हा वेगळा विषय आहे आणि माझं मत सरळ आहे: नको. आजारी आईबाबांसाठी किंवा तान्ह्या मुलासाठी लावावाच लागला तर घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या ताईंनाही, तो कुठे आहे आणि कोण बघतं ते सांगा. नको असेल तेव्हा त्याचा प्लग काढता आला पाहिजे. दोन भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2025 मध्ये ठरवलं की घराच्या राहत्या भागात सहरहिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. शेजाऱ्याच्या खिडकीवर रोखलेला कॅमेराही आजच वळवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग काळा करण्याची सोय असते, ती वापरा.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी तारीखही ठरलेली आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदा विषयपत्रिकेत एक विषय लेखी मागा: एनव्हीआरचा मुख्य पासवर्ड कोणाकडे आहे, तो शेवटचा कधी बदलला, कोणाकोणाच्या मोबाइलवर जिन्यातलं आणि लिफ्टमधलं चित्र चालू आहे, जुन्या सेक्रेटरींचं अॅप बंद झालं का, आणि गेटावरच्या कॅमेऱ्यात रात्री चालत्या माणसाचा चेहरा दिसतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. सभेच्या आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंग पडद्यावर लावायला सांगा.