रफार वाचला!

मंचरच्या अलीकडे एका जीपने नानांच्या टेंपोला मागून ठोकलं. टेललाइट फुटली, बंपर वाकला, टोमॅटोच्या दोन कॅरेटची रस्त्यावरच चटणी झाली. जीपवाला हात जोडून उभा. नानांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फाळक्यावर तळहात फिरवला आणि म्हणाले, "रफार वाचला!"

फाळक्यावर पिवळ्या रेडियममध्ये 'आई-वडिलांचा आशीर्वाद' आहे. (आपल्याकडे गाडीवर चिकटणाऱ्या प्रत्येक रंगीत कागदाला रेडियमच म्हणतात, मादाम क्युरींनी मनावर घेऊ नये.) इंजिन धूर ओकतं, टायर गुळगुळीत झालेत, हँडब्रेकचं काम दगड करतो. अक्षरं मात्र काल लावल्यासारखी.

कारण एक अनुस्वार. पहिल्याच पावसाळ्यात 'लां'वरचा ठिपका गेला आणि 'वडिलाचा' उरला. नारायणगावच्या बाजारात जो तो विचारू लागला, "नाना, म्हाताऱ्याशी वाजलं काय?" म्हातारेही आठवडाभर घुश्शात होते. रेडियमवाल्याने समजावलं, ठिपका एवढासा, त्याला धरणारा गोंदही एवढासाच. आणि टोकदार कोपरा सगळ्यांत आधी उचकटतो. तेव्हापासून नानांची अक्षरं गोलमटोल झाली, आणि सगळ्यांवरून, चारी बाजूंनी बोटभर जास्त सोडून, एकच पारदर्शक फिल्म बसली. फिल्म लावल्यावर दोन दिवस पाणी लावायचं नव्हतं. टेंपो हळदीच्या नवरदेवासारखा दारात बसून होता आणि भाडी दुसऱ्यांना गेली.

माल भरताना फाळक्यावर काकूंची जुनी नऊवारी पडते. ताडपत्रीचा दोर अक्षरांवर घासू नये म्हणून त्याला सायकलची फाटकी ट्यूब गुंडाळलेली. हमालाने पाठ टेकली की नाना ओरडतात, "तिकडं टेक, काचेला!" सर्व्हिसिंगवाल्या पोराच्या डोक्यावर तर ते उभेच असतात. "लांबून मार, समोरून मार! कडेनं मारशील तर पाणी आत शिरतंय." आणि कोरडं फडकं दिसलं की संपलंच, त्यांच्या लेखी ते पॉलिश पेपर.

एकदा कुणा पोराने धुळीत बोटाने 'मला धुवा' लिहिलं. नाना काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत धावले. मला वाटलं, अपमान झाला म्हणून. छे! "अरे, धूळ घासली की चरे पडतात! आधी पाणी मार, मग काय लिहायचं ते लिही!"

२०१५ साली राज्यात 'हॉर्न ओके प्लीज'वर बंदी आली. नाना कायद्याचे पक्के. सुनेचा हेअर ड्रायर घेऊन एकेक अक्षर गरम केलं, शेपटाला धरून अलगद सोलून काढलं, उरलेला गोंद रॉकेलने पुसला. पण इतक्या वर्षांच्या उन्हाने आजूबाजूचा निळा रंग विटलेला, अक्षरांखालचा मात्र कोरा करकरीत. रेडियम गेलं, 'हॉर्न ओके प्लीज' पहिल्यापेक्षा ठळक उठलं.

चाकणला हवालदाराने गाडी बाजूला घेतली.

"हे काढायचं असतं, माहीत नाही का?"

"काढलंय साहेब."

हवालदाराने 'हॉ'वर नखाने खरवडून पाहिलं. नाना कळवळले.

"नख नको साहेब, चरा पडंल!"